झाडीपट्टीचा नाटकवेडा : एक अभ्यास

कोणत्याही महाविद्यालयात दोन प्रकारच्या विद्यार्थ्यांना हमखास टोपणनाव पडते. जो मधल्या सुटीत ग्रंथालयाच्या कोपऱ्यात दिसतो आणि परीक्षेत न येणारी पुस्तकेही वाचतो, तो 'पुस्तकी किडा'. आणि जो दिवाळीनंतरच्या दिवसांत तांबारलेल्या डोळ्यांनी पहिल्या तासाला येऊन बसतो, कारण रात्रभर कुठल्या तरी गावी नाटक पाहून तो पहाटे परतलेला असतो, तो 'नाटकवेडा'. आमच्या बोलीत सरळ 'येडा'. पहिल्याला मुले हसतात, दुसऱ्याला प्राध्यापक हसतात. वरवर पाहता या दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. प्रस्तुत लेखात मला असे मांडायचे आहे की हे दोघे एकाच कुळातले आहेत; आणि त्या कुळात माझेही नाव असल्याची मला मुळीच लाज वाटत नाही.

प्रथम शब्दांचा विचार करू. अलीकडे मित्रमंडळी 'नर्ड' आणि 'फॅन' हे दोन इंग्रजी शब्द सर्रास वापरतात. यांपैकी 'फॅन' हा 'फॅनॅटिक' या शब्दाचा तोकडा अवतार असून त्याच्या मुळाशी 'फानुम' हा लॅटिन शब्द आहे. फानुम म्हणजे देऊळ. देवळातल्या दैवताने ज्याला झपाटले तो फॅनॅटिक. 'नर्ड' हा शब्द त्या मानाने पोरवयाचा. डॉक्टर स्यूस या अमेरिकन बाललेखकाच्या १९५० सालच्या पुस्तकात तो एका काल्पनिक प्राण्याचे नाव म्हणून छापला गेला. पुढे अभ्यासात बुडालेल्या आणि चारचौघांत अवघडलेल्या मुलाला चिडविण्यासाठी तो रूढ झाला. म्हणजे तिकडेही हे दोन्ही शब्द प्रथम शिव्याच होत्या. त्या धारण करणाऱ्यांनीच पुढे त्या अभिमानाने मिरविल्या.

आपल्या भाषेकडे वळले तर अधिक गमतीची गोष्ट दिसते. मराठीत अशा माणसाला 'नादिष्ट' म्हणतात आणि 'छंदिष्ट'ही म्हणतात. नाद म्हणजे आवाज आणि नाद म्हणजे वेड. छंद म्हणजे आवड आणि छंद म्हणजे कवितेचे वृत्त, मात्रांची मोजणी. एकच शब्द दोन्ही अर्थांनी वापरताना आपण थांबून विचार करीत नाही. पण मला यात अर्थ दिसतो. नादात नुसते ऐकणे आहे, ओढले जाणे आहे. छंदात मोजणे आहे. नाटकाला जाणारे हजारो लोक नादिष्ट असतात. त्यांतला एखादाच ते मोजू लागतो, नोंदवू लागतो, ताडून पाहू लागतो. नाटकवेडा आणि पुस्तकी किडा यांची गाठ पडते ती या ठिकाणी.

आता आमच्या भागातल्या नादाचे थोडे वर्णन केले पाहिजे, कारण या अंकाच्या वाचकांत बाहेरगावाहून आलेले प्राध्यापकही आहेत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांतला धानाचा आणि जंगलाचा मुलूख म्हणजे झाडीपट्टी. आपले आसगाव, पवनी, खाली लाखांदूर हा चौरासचा पट्टा त्याचाच भाग. दिवाळीच्या सुमारास हलका धान निघालेला असतो, भारी धान अजून उभा असतो, आणि हातात थोडा पैसा व थोडी उसंत असते. भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरते. मंडईच्या दिवशी दिवसा दंडार आणि रात्री नाटक. जिथे शंकरपट भरतो तिथे पटाच्या रात्रीही नाटक. (२०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली, तेव्हा बैलवाल्यांइतकेच नाटकवालेही हळहळले होते, २०२३ साली घटनापीठाने शर्यतींना परवानगी देणारे कायदे वैध ठरविले.) हा हंगाम होळीपर्यंत चालतो.

नाटक ठरविण्यासाठी गावची मंडळी वडशाला, म्हणजे देसाईगंजला जातात. तिथे नाट्यमंडळांची कार्यालये ओळीने आहेत. कोणत्या मंडळाचे कोणते नाटक, त्यात नट कोण, नटी कोण, तारीख रिकामी आहे काय, हे पाहून सौदा होतो आणि इसार दिला जातो. तिकीट विकून पैसे उभे करायचे ते गावच्या मंडळाने. तिकिटे खपली तर गावच्या कामाला पैसा उरतो. पाऊस आला किंवा शेजारच्या गावी त्याच रात्री नावाजलेले नाटक लागले तर पोरांच्या खिशाला चाट. एवढे असून दरवर्षी गावे नाटक ठरवितातच.

नाटकाच्या आठवडाभर आधी पत्रके येतात आणि गाडीवरचा भोंगा गावोगाव फिरतो. लेकी माहेरी येतात, पाहुणे येतात. कित्येक सोयरिकींची पहिली बोलणी या पाहुणपणातच होतात. रात्री जेवणे आटोपून माणसे चादरी, घोंगडी घेऊन निघतात. पूर्वी शेतात जमीन उतरती खणून प्रेक्षकांची बैठक करीत आणि निघालेल्या मातीचाच उंच रंगमंच रचीत. आता बहुधा तयार मंच आणि कनाती येतात. नाटक सुरू व्हायला उशीर होतो, त्याची कोणी तक्रार करीत नाही. बाजाची पेटी, तबला आणि आजकाल ऑक्टोपॅडही समोरच वाजतो. पडदा पडतो तेव्हा पूर्वेला फटफटलेले असते.

ही सर्व माहिती आपल्यापैकी बहुतेकांना आहे. मला सांगायचे आहे ते त्या गर्दीत बसलेल्या एका विशिष्ट माणसाविषयी. प्रत्येक गावात असा एक तरी असतो. आमच्या गावातले एक म्हातारबा आहेत. शाळा त्यांना फारशी लाभली नाही, पण एकच नाटक निरनिराळ्या मंडळांनी कसे केले हे ते अंक-प्रवेशासह सांगतात. अमक्या मंडळाने दुसऱ्या अंकातला बापलेकाचा प्रवेश गाळला, तमक्याने त्या जागी विनोदी प्रवेश घुसविला. नायिकेचे काम करणारी बाई गेल्या साली दुसऱ्या मंडळात होती, तिथे तिचा आवाज मोकळा लागायचा, इथे पेटीवाला पट्टी वर नेतो म्हणून तो चिरकतो. हे ऐकताना मला एक गोष्ट जाणवली. वर्गात आम्हाला पाठभेद म्हणजे काय हे शिकविले जाते. एका ग्रंथाच्या निरनिराळ्या पोथ्या शेजारी ठेवून कोणती ओळ कुठे बदलली ते पाहायचे. म्हातारबा तेच करतात. फरक इतकाच की त्यांच्या पोथ्या चालत्याबोलत्या आहेत आणि पहाटे विझतात.

त्यांच्याशी बोलताना पहिला प्रश्न ते मलाच विचारतात : "काहून रे बाबू, मागच्या सालचं अन् यंदाचं, फरक कोनता दिसला तुले?" नुसते 'चांगले झाले' असे उत्तर त्यांना चालत नाही. एवढा कडक तोंडी परीक्षक मला विद्यापीठातही अजून भेटायचा आहे.

असे असताना या माणसाला 'येडा' का म्हणतात? मराठी नाटकाच्या इतिहासाची पुस्तके वाचताना या प्रश्नाला धार येते. बालगंधर्व, म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस (१८८८-१९६७), यांच्यावर पुण्यामुंबईच्या प्रेक्षकांनी जे प्रेम केले त्याची वर्णने पानोपानी आढळतात. तीही नाटके रात्र रात्र चालत. एका पदाला पुन्हा पुन्हा 'वन्स मोअर' पडे. त्यांची लुगडे नेसण्याची तऱ्हा घरंदाज स्त्रिया उचलीत. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी 'मानापमान'चा संयुक्त प्रयोग केला. त्यानंतर तीन महिन्यांतच केशवराव वारले. तो प्रयोग पाहिलेल्यांनी त्याच्या आठवणी आयुष्यभर सांगितल्या आणि इतरांनी त्या लिहून ठेवल्या. इतिहासकार या सर्वांना 'रसिक' म्हणतात. अगदी योग्य म्हणतात. मग थंडीत घोंगडे पांघरून पहाटेपर्यंत बसणारा आणि दुसऱ्या दिवशी धानाच्या बांधीवर त्याच नाटकाची चिकित्सा करणारा आमचा माणूस रसिक का नाही? त्याच्या आवडीत उणे काय आहे? माझ्या मते उणे एवढेच आहे की त्याच्या आठवणी कोणी लिहून ठेवल्या नाहीत.

कोणी म्हणेल, तिकडची नाटके श्रेष्ठ होती. हे काही अंशी खरे आहे; पण दोन्हींमधली भिंत आपण समजतो तितकी पक्की नाही. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी नागपूरजवळच्या सावनेरला वारले. त्यांचा 'एकच प्याला' त्यानंतर काही दिवसांतच गंधर्व मंडळीने रंगभूमीवर आणला. आणि आमच्या झाडीपट्टीतले ज्येष्ठ विनोदी नट परशुराम खुणे यांच्या भूमिकांच्या यादीत तोच 'एकच प्याला' आढळतो. खुणे हे गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेडा तालुक्यातले शेतकरी. त्यांना लोक 'विदर्भाचे दादा कोंडके' म्हणतात. पाच हजारांच्या घरात प्रयोग आणि आठशेच्या घरात भूमिका एवढा त्यांचा पसारा सांगितला जातो. २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्या दिवसापासून नाटकाचे नाव काढले की नाक मुरडणारे कित्येकजण "ते आमच्याकडलेच हो" असे म्हणू लागले. दिल्लीने पाहिले तेव्हा आम्हाला दिसले, हे काही आम्हाला भूषणावह नाही.

येथे पुस्तकी किड्याची बाजू घेतली पाहिजे, कारण नादाला मोजणीची जोड तोच देऊ शकतो. याचे सर्वांत चांगले उदाहरण आपल्याच मुलखात घडले, तेही नाटकाच्या क्षेत्रात नव्हे तर जंगलात. मारुती चितमपल्ली हे मूळचे सोलापूरचे, वनखात्यात अधिकारी. नोकरीच्या निमित्ताने ते नवेगावबांधला आले. (तेव्हा ते भंडारा जिल्ह्यात होते, १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यापासून ते तिकडे गेले.) साहेब म्हणून गाडीतून फिरून त्यांना दिवस काढता आले असते. त्यांनी केले ते असे : नवेगावचे माधवराव पाटील डोंगरवार यांच्यासारखा जंगलाचा जाणता माणूस गाठला, तळ्यावरचे ढिवर आणि रानातले गोंड कोणत्या पाखराला काय म्हणतात ते विचारले, आणि ऐकले ते टिपून ठेवले. त्या टिपणांतून 'पक्षी जाय दिगंतरा', 'जंगलाचं देणं', 'रानवाटा' ही पुस्तके आली आणि पुढे 'पक्षीकोश' उभा राहिला. २००६ साली सोलापूरला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२५ साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जून महिन्यात ते गेले.

पाखरांच्या मागे रानोमाळ हिंडणाऱ्या सरकारी माणसाकडे पाहून त्या काळी लोक काय म्हणाले असतील, याची कल्पना आपण करू शकतो. मला महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. ज्ञान आधीपासून तिथे होते. ढिवराला पाखरू ठाऊक होते. परंतु ते त्याच्या तोंडात होते आणि त्याच्याबरोबर जाणार होते. चितमपल्लींनी त्याला विचारले आणि लिहिले. ते स्वतः पाखरांचे वेडे नसते तर विचारलेच नसते. आणि पुस्तकी किडे नसते तर लिहिले नसते.

भाषेच्या क्षेत्रात डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीसाठी असेच काम केले. आपल्या घरी 'काळा'चे 'कारा' होते, 'डोळा'चा 'डोरा' होतो, 'कोण'चे 'कोन' होते. शाळेत यालाच अशुद्ध म्हणत छड्या बसतात. बोरकरांनी दाखविले की ही अशुद्धता नाही; या बोलीत ण आणि ळ हे उच्चारच नाहीत, त्यांच्या जागी न आणि र ठरलेल्या रीतीने येतात. ज्याला रीत आहे ते अशुद्ध कसे? दंडारीचाही त्यांनी असाच अभ्यास केला. घरातली म्हातारी जे बोलते ते व्याकरण आहे, हे मला बी. ए. च्या दुसऱ्या वर्षी कळले. माझ्या घरी महाविद्यालयात आलेला मी पहिलाच. त्यामुळे या शोधाचा आनंद घरी कोणाला समजावून सांगावा हा प्रश्न होता. आजीला सांगितले. ती म्हणाली, "मंग इतकी सालं मास्तर काहून मारत होते?" याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते.

आता या वेडावर घेतले जाणारे आक्षेप. सर्वांत मोठा आक्षेप पोटाचा आहे आणि तो मी हसण्यावारी नेत नाही. नाटक पाहून कोणी तलाठी होत नाही, आणि पाखरांची नावे पाठ करून पोलीस भरतीत धावता येत नाही. ज्या घरात वर्षाचा हिशोब धानाच्या पोत्यांवर चालतो, तिथे पोराने अभ्यासाच्या वेळी नाटकाची टिपणे काढावीत हे बापाला रुचणार कसे? मी एवढेच म्हणेन की रोज तासन्‌तास मोबाइलवर बोट फिरविणे कोणाला खुपत नाही आणि तासभर वही लिहिणे मात्र खुपते, याचा वडीलधाऱ्यांनी विचार करावा.

दुसरा आक्षेप नाटकांवरच आहे. हल्ली कित्येक प्रयोगांत कथानक बाजूला पडते, मध्येच नाचगाणी घुसतात, द्वयर्थी विनोदाला शिट्ट्या पडतात. हे मला मान्य आहे. किंबहुना याची सर्वांत कडक टीका मी ऐकली ती म्हातारबांच्या तोंडून, नाटके न पाहणाऱ्यांच्या तोंडून नव्हे. शिट्टी मारणारा आणि प्रवेश गाळल्याचे लक्षात ठेवणारा, दोघेही शेजारी शेजारीच बसलेले असतात. दोघांनाही आपण 'येडे' या एकाच खात्यात टाकतो, इथे चूक होते. आवडत्या नटाचे नाव घेतले की दुसऱ्या नटाच्या चाहत्यांशी हातघाईवर येणारा मनुष्य हा फॅन असेल, परंतु त्याला नाटकाचे वेड नाही. ज्याला नाटकाचे वेड आहे तो आपल्या नटाचे चुकले तर आधी सांगतो. त्याला ते दुखते म्हणून सांगतो.

२०२० साली करोनामुळे नाटके बंद पडली तेव्हा आणखी एक गोष्ट ध्यानात आली. एक हंगाम बुडताच कलावंतांची उपासमार झाली, हे वर्तमानपत्रांत आले. परंतु आधीच्या हंगामांचे आपल्याजवळ काय उरले होते? छापील संहिता थोड्या. पत्रके बहुधा चुलीत, नाही तर किराण्याच्या पुडीला. जो प्रयोग पहाटे संपतो त्याची आठवण एवढीच त्याची प्रत, आणि ती आठवण सत्तरी ओलांडलेल्या डोक्यांत आहे. पुण्याचा एखादा संशोधक येऊन ती उतरवून घेईल अशी वाट पाहण्यात अर्थ नाही. ज्यांना ती बोली कळते, ज्यांना रात्र जागण्याची सवय आहे आणि ज्यांना आता चार शास्त्रीय शब्दही येतात, असे लोक म्हणजे आपणच. आपल्यासारख्या ग्रामीण महाविद्यालयांतली, घरातली पहिली शिकणारी पोरे. पण महाविद्यालयात आल्यावर आपण सर्वांत आधी नाटकाचे प्रेम लपवितो. विचारले तर "घरचे गेले होते, म्हणून गेलो" असे सांगतो.

मी दोन हंगामांपासून एक वही ठेवली आहे. दोनशे पानी, साधी. तिच्यात उभ्या रेघा मारून रकाने केले आहेत : तारीख, गाव, निमित्त (मंडई, पट किंवा दुसरे काही), मंडळ, नाटक, लेखक, नटनटी, वाद्ये, सुरू झाल्याची व संपल्याची वेळ, आधी पाहिले असल्यास काय बदलले, आणि म्हातारबांचा शेरा. मिळाले तिथे पत्रकही चिकटविले आहे. पहिल्या वर्षी मी नटांची नावे आणि आवडलेले संवाद एवढेच लिहीत होतो. हळूहळू रकाने वाढले. वाद्यांचा रकाना केल्यावर कळले की एकच पेटीवाला हंगामात निरनिराळ्या मंडळांकडे वाजवितो. वेळेचा रकाना केल्यावर कळले की तेच नाटक पटाच्या गावी लांबते आणि लहान मंडईत आटोपते. असे का होते, हे अजून शोधायचे आहे.

एक रकाना मात्र जवळजवळ कोरा आहे. तो प्रॉम्प्टरचा. एका हंगामात नटांना इतकी नाटके पेलावी लागतात आणि तालमींना इतका थोडा वेळ मिळतो, की पुढे बसून हलक्या आवाजात ओळी पुरविणारा हा माणूस नसेल तर प्रयोग उभा राहणार नाही. अख्खे नाटक ज्याच्या डोळ्यांखालून रोज जाते असा मंडळातला तो एकटाच. तरी मला मिळालेल्या पत्रकांवर त्याचे नाव क्वचितच छापलेले असते, आणि प्रेक्षकांना तो दिसतही नाही. मागच्या हंगामात एका गावी प्रयोग संपल्यावर मी मंचामागे जाऊन त्यांना गाठले. ते सामान बांधीत होते. नाव विचारले तर त्यांना वाटले काही तक्रार आहे. वही दाखविली तेव्हा त्यांनी रकाने वरपासून खालपर्यंत वाचले आणि दोन ठिकाणी लेखकाचे नाव दुरुस्त करून दिले. मग आपले नाव स्वतःच्या हाताने लिहिले. यंदाच्या मंडईत आपल्या गावी नाटक येईल तेव्हा प्रॉम्प्टरचे नाव कोणी विचारून ठेवले, तर मला मराठी विभागात आणून द्यावे; वही तिथेच ठेवलेली असते.